बुरसलेली पेंड आणि घरचे दूध



या पत्रिकेत मी नेहमी उसाविषयी लिहितो. लागण कधी करावी, बेणे कसे निवडावे, खोडव्यात पाचट का जाळू नये, हे माझे ठरलेले विषय. या वेळी मात्र गोठ्याविषयी लिहिणार आहे. "साहेब उसाचे, त्यांना गुरांचं काय कळतंय?" असे कोणी म्हणाले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन बांधावरून फिरणारा माणूस आहे. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या तोंडून एक चुकीचा सल्ला गेला आणि त्याचा भुर्दंड बहुधा आपल्यातल्याच एका सभासदाला बसला. ते सांगितल्याशिवाय मला पुढचे काही सांगण्याचा हक्क नाही.

आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला कामशेतच्या बाजूला गेलो होतो. आठ दिवस सूर्याचे दर्शन नव्हते. इंद्रायणी दुथडी भरून वाहत होती आणि पायवाटांचे ओढे झाले होते. एका जुन्या सभासदाच्या ओसरीवर चहाला थांबलो. त्यांना मी तात्या म्हणतो. गोठ्याच्या भिंतीला लागून सरकी पेंडीची आणि मका भरड्याची पोती रचलेली होती. जमिनीवरच, खाली फळीसुद्धा नव्हती. तळच्या दोन पोत्यांना ओल चढली होती. काकूंनी एक पोते सोडून दाखवले. आत मुठीएवढ्या गुठळ्या झालेल्या आणि त्यांच्यावर हिरवट-निळसर बुरा चढलेला.

काकू म्हणाल्या, "साहेब, हे टाकून द्यावं का हो? वास मारतोय."

तात्या म्हणाले, "टाकून कसं द्यायचं? पोतं पैशाचं हाय."

मी मोठ्या जाणकारीने सांगितले, "टाकू नका. ऊन पडलं की दोन दिवस वाळवा, गुठळ्या फोडा आणि चांगल्या पेंडीत थोडं थोडं मिसळून संपवा."

तीन आठवड्यांनी त्याच वाटेने गेलो, तर त्यांची संकरित गाय गोठ्यात मान टाकून उभी. सहा महिन्यांची गाभण होती, ती गाभडली. त्याआधी पंधरा दिवस तिने खाणे सोडले होते आणि दूध निम्म्यावर आले होते. पशुवैद्यकीय अधिकारी येऊन गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खाद्याचा. पोती तोपर्यंत संपली होती, त्यामुळे नमुना तपासायला गेला नाही. गाय गाभडण्याला दहा कारणे असतात, तेव्हा पेंडीनेच घात केला असे छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. पण काकूंनी विचारले होते आणि उत्तर मी दिले होते. काकूंच्या नाकाला जे कळले, ते माझ्या पदविकेला कळले नाही. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत, हेच जास्त लागले.

त्यानंतर मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि गोठ्यागोठ्यांतून पाहिले, ते पुढे मांडतो.

वाळवल्याने बुरशी थांबते, विष जात नाही

माझ्या सल्ल्यातली चूक आधी सांगतो, कारण ती माझ्या एकट्याची नाही. गावोगाव हाच सल्ला एकमेकांना दिला जातो.

धान्यावर, पेंडीवर बुरशी वाढते तेव्हा तिच्या काही जाती आपल्या अंगातून विष तयार करून त्या खाद्यात सोडतात. त्यांतले सर्वांत घातकी म्हणजे अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी ते तयार करते आणि तिच्याच नावातली अक्षरे घेऊन विषाला नाव पडले आहे. मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी ही तिची आवडती ठिकाणे. आपण ऊन दिले की बुरशीची वाढ थांबते. गुठळी फोडली, झटकली की हिरवा बुरा उडून जातो. पण जे विष खाद्यात मुरले ते तिथेच राहते. ते उन्हाने जात नाही, पेंड शिजवून जात नाही आणि दूध उकळल्यानेही जात नाही. चहात साखर विरघळल्यावर चमचा बाहेर काढून काय उपयोग? तसाच हा प्रकार आहे.

दुसरे म्हणजे, हे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरा दिसतो ती बुरशी. प्रत्येक बुरशी हे विष करतेच असे नाही आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या पोत्यात ते नसेलच असेही नाही. म्हणून दिसेल ते बुरसलेले खाद्य टाळायचेच, पण दिसत नाही म्हणून निर्धास्त राहायचे नाही.

तिसरे म्हणजे ते मिसळणे. "थोडं थोडं दिलं की बाधत नाही" हा आपला लाडका समज. मोठी मात्रा एकदम पोटात गेली तर जनावर चार दिवसांत आजारी पडते आणि मालक सावध तरी होतो. थोडे थोडे रोज गेले तर यकृत हळूहळू निकामी होत जाते. जनावर मरत नाही, पण खात नाही, अंगी लागत नाही, दूध तुटते, रोगाला लवकर बळी पडते. वासरांना आणि गाभण जनावरांना हे आणखी लवकर बाधते. मालक मात्र म्हणतो की गाईला नजर लागली.

हे नवे संकट नाही

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण कळेना. शेवटी शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. पेंड बुरसलेली होती. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन जगाला माहीत झाले. आपल्या मावळात कोंबड्यांच्या शेड वाढल्या आहेत, त्या सभासदांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

पण इंग्लंडपर्यंत जायलाच नको. १९७४ च्या पावसाळ्यानंतर आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत काय झाले ते पाहा. मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस लागला. ओला मका तसाच घरात साठवला गेला. गरीब आदिवासी कुटुंबे. दुसरे धान्य घरात नाही, तेव्हा तोच मका रोज भाकरीत गेला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. ३९७ माणसे आजारी पडल्याची नोंद झाली आणि त्यांतली १०६ दगावली. त्या घरांतले तेच अन्न खाणारे कुत्रेही मेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपास केला तेव्हा त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडले. त्या लोकांनी कोणते वेगळे पाप केले नव्हते. ओले धान्य साठवले, एवढेच.

आपल्या मुलखातल्या जुन्या माणसांना बाजरीचा अरगट माहीत आहे. १९५६-५७ मध्ये त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटाची बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली होती. तेव्हापासून बाजरीचे बी मिठाच्या पाण्यात टाकायचे, वर तरंगतील ते दाणे काढून जाळायचे, हे शेतकरी शिकला. तोही बुरशीचाच प्रकार. बियाण्यासाठी आपण एवढे शिकलो, गोठ्यासाठी मात्र शिकलो नाही.

भाताच्या पेंढ्याचेही एक उदाहरण सांगतो, कारण मावळ म्हणजे भाताचा मुलूख. अखंड पंजाबात डेग नावाच्या नाल्याकाठच्या गावांतून १९३० च्या दशकात म्हशींचा एक विचित्र रोग नोंदला गेला. हिवाळ्यात म्हशींचे पाय सुजायचे, कानांची टोके आणि शेपटीचा शेंडा वाळून काळा पडून गळायचा, कधी कधी खूरही निखळायचे. त्याला देगनाला रोग असेच नाव पडले. पुढे उत्तर हिंदुस्थानातल्या भात पिकवणाऱ्या भागांतूनही तो दिसत राहिला आणि त्याचा संबंध बुरसलेल्या भाताच्या पेंढ्याशी जोडला गेला. तेव्हा पेंढा म्हणजे नुसती काडी, त्याला काय होणार, असे समजू नये.

आडात तेच पोहऱ्यात

आता खरा मुद्दा. बुरसलेले खाद्य गाईच्या पोटात गेले म्हणजे तिथेच थांबत नाही. त्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. खाद्य खाल्ल्यापासून दिवसभराच्या आत तो दुधात दिसू लागतो. खाद्य बदलले तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. खाद्य चालू राहिले तर तोही चालू राहतो.

एक हिशेब मांडतो. आपल्याला गुंठ्याचा आणि टनाचा हिशेब कळतो, तसाच हाही कळेल. समजा, गाय दिवसाला पाच किलो खाद्य खाते आणि त्या खाद्यात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे. म्हणजे दिवसाला ५०० मायक्रोग्रॅम पोटात गेले. त्यातले शेकडा दोन दुधात उतरले असे धरा, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर दूध देत असेल तर लिटरला १ मायक्रोग्रॅम आले. आपल्या देशात दुधाला घालून दिलेली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हे दूध मर्यादेच्या दुप्पट झाले. युरोपात तर ही मर्यादा ०.०५ आहे, आपल्या दहाव्या हिश्श्याची.

आता तोच हिशेब चांगल्या खाद्याचा करा. पशुखाद्याच्या भारतीय मानकात किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही किती तरी कमी! त्या मर्यादेतले पाच किलो खाद्य दिले तर दहा लिटर दुधात लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम येते. मर्यादेच्या आत बसते. म्हणजे दूध सुधारायचे असेल तर ते डेअरीत सुधारत नाही, गोठ्यातल्या पोत्यात सुधारते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन तपासले. दुधात युरिया, डिटर्जंट यांची भेसळ होते म्हणून आपण शंख करतो. आरोग्याला घातक अशी भेसळ किती नमुन्यांत सापडली? फक्त १२. आणि हे बुरशीचे विष मर्यादेबाहेर किती नमुन्यांत सापडले? ३६८. भेसळ करणाऱ्याला आपण चोर म्हणतो. हे ३६८ नमुने चोरांचे नव्हते. तुमच्या-आमच्यासारख्या, "पोतं पैशाचं हाय" म्हणणाऱ्या साध्या माणसांच्या गोठ्यांतूनच ते आले असणार.

आपल्या घरात एक रीत आहे. जे माणसाच्या ताटात चालत नाही ते कोंबड्यांना, कोंबड्यांना नको ते गुरांना. शिळी भाकरी, किडका दाणा, ओला झालेला कोंडा सगळे घमेल्यात. गुरे मुकी, ती तक्रार करत नाहीत. पण संध्याकाळी त्याच गाईचे दूध आपण नातवाच्या वाटीत ओततो. जे आपण त्याच्या ताटात वाढले नसते, ते फिरून त्याच्याच वाटीत आले. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. हे विष लहानांना जास्त बाधते आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाला कारण होते, हे आता जगभर मान्य झालेले आहे.

पूर्वी होत नव्हते, मग आताच का?

सभेत हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. पूर्वी गावठी गाय रानात चरायची, घरी आली की पेंढा आणि वर मूठभर कोंडा. विकतची पेंड फक्त नांगराच्या बैलाला. आता गोठ्यात संकरित गाय आहे. तिला रोज चार-सहा किलो खुराक लागतो. तो खुराक कुठला तरी मका, कुठली तरी सरकी, कुठल्या तरी गोदामात महिनोन् महिने पडून मग आपल्याकडे येतो. आणि येतो तो कुठे? मावळात! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वडगाव-तळेगावकडे येताना तो बराच कमी होतो हे खरे, पण कामशेत, नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ इथे आषाढ-श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. देशावरच्या सभासदाचे पोते जे सहन करते, ते आपले पोते सहन करत नाही. देशावरची रीत इथे चालत नाही.

काही जण म्हणतात, "पोतंच खराब येतं, आम्ही काय करणार?" यातही तथ्य आहे. मका आणि भुईमूग यांना ही बुरशी शेतातसुद्धा लागते, दाण्याला कीड लागली किंवा शेवटच्या महिन्यात ताण पडला की अधिक लागते. व्यापाऱ्याच्या गोदामात ओल लागून पोते बिघडते तेही खरे. त्याचा बंदोबस्त एकट्या सभासदाने होणार नाही, त्याविषयी शेवटी लिहितो. पण आपल्या गोठ्यात आल्यावर चार महिने ओल्या जमिनीवर पडते ते पोते व्यापाऱ्याचे नसते.

घरच्या घरी काय करता येईल

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, लक्ष लागते.

पोते जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीला टेकवू नका. चार विटा आणि दोन फळ्या मांडून वीतभर उंच माच करा. भिंतीपासून हातभर अंतर सोडा, म्हणजे वारा खेळेल आणि मांजर उंदीरही धरील. उंदराने फोडलेले पोते ओल आधी धरते.

पावसाळ्यासाठी चार महिन्यांचा साठा ज्येष्ठातच भरून ठेवायची सवय सोडा. स्वस्त मिळते म्हणून एकदम दहा पोती घ्यायची आणि त्यातली दोन बुरसवायची, यात बचत कुठे आली? पंधरा दिवसांचे खाद्य आणा आणि आधी आलेले पोते आधी संपवा. घेताना पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. आत उबारा लागला, गुठळी लागली किंवा कुबट वास आला तर पोते परत करा. लाजू नका, पैसे तुम्ही मोजता.

मका घरचा असेल तर कणीस नीट वाळल्याशिवाय सोलू नका आणि दाणा पुन्हा वाळवल्याशिवाय भरू नका. साठवणीच्या मक्यात शंभराला बारा-तेरा भागांपेक्षा जास्त ओल नको. शेंगा आठ-नऊच्या आत हव्यात. ओल मोजायचे यंत्र नसले तरी एक सोपी परीक्षा आहे. काचेची कोरडी बरणी घ्या. त्यात ओंजळभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून झाकण लावा, चांगले हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे असे समजा आणि पुन्हा उन्हात घाला. मीठ मोकळे राहिले तर पंधराच्या खाली आले. आणखी एक ऊन द्यावे आणि मग भरावे.

पेंढ्याची उडवी रचताना तळाला दगड आणि लाकडे टाका. मळणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेला पेंढा वेगळा ठेवा, चांगल्याच्या पोटात लपवू नका. उडवीचा माथा उतरता ठेवा. तळचा काळा, पांढरी जाळी धरलेला थर जनावराला घालू नका. गोठ्यात अंथरूसुद्धा नका, कारण जनावर अंथरलेले खाते.

हंगामात वाढे भरपूर असतात. ट्रॉलीभर वाढ्यांचा ढीग दोन-तीन दिवस तसाच राहिला की आतून तापतो. आपल्या कारखान्यावर बगॅसच्या ढिगाला पाऊस लागला की आतून वाफ येते, ते पाहिलेले सभासद मी काय म्हणतो ते ओळखतील. वाढे पसरून ठेवा, रोजच्या रोज तोडलेले रोज घाला. जास्त असतील तर कुट्टी करून मुरघास करा. मुरघासाचे सगळे मर्म हवा काढण्यात आहे. दाबून भरला आणि झाकण हवाबंद राहिले तर बुरशी धरत नाही. तोंड उघडल्यावर कडेला किंवा वर पांढरा, काळा थर दिसला तर तो काढून टाका. उघडलेला खड्डा रोज वापरात ठेवा, आठ-आठ दिवस उघडा टाकू नका.

बुरसलेले निघाले तर काय करायचे? ते जनावराला नको, कोंबडीला नको, कुत्र्यालाही नको. तोंडाला फडके बांधा, कारण त्याची धूळ छातीत जाते. मग ते लांबच्या खत-खड्ड्यात मातीआड करा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. बेण्याला बुरशीनाशकात बुडवा म्हणून मीच तुम्हाला सांगत फिरतो, पण ते औषध पेंडीवर मारायचा विचार कोणी स्वप्नातसुद्धा करू नका. एका विषावर दुसरे विष घालून अन्न होत नाही.

बाजारात विष धरून ठेवणारी पूड मिळते. बेंटोनाइट नावाच्या मातीपासून ती करतात. ती खाद्यातले काही विष पोटात धरून शेणावाटे बाहेर टाकते हे खरे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पावसाळ्यात ती वापरायला हरकत नाही. पण ती वापरली म्हणजे बुरसलेली पेंड घालायचा परवाना मिळाला, असे समजू नये.

कारखान्याने काय करावे

आता थोडे आमच्या बाजूचे. कोणी म्हणेल, कारखान्याचे काम ऊस गाळण्याचे, गोठ्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. लागणीपासून तोडीपर्यंत सभासदाचे घर, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषधपाणी चालते ते दुधावर. शेणखत उसाला जाते ते त्याच गोठ्यातून. गोठा मोडला की उसाचा बांधही मोडतो, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे.

म्हणून माझे मत असे आहे. हे माझे वैयक्तिक मत आहे, संचालक मंडळाचा निर्णय नव्हे.

ऊस पक्व झाला की नाही हे आम्ही दातांनी चावून ठरवत नाही. रिफ्रॅक्टोमीटर लावतो, ब्रिक्स पाहतो, मग तोड देतो. एका टनाच्या उताऱ्यात दशांशाचा फरक पडला तर सभेत चर्चा होते. तेवढीच शिस्त पशुखाद्याला का नसावी? प्रत्येक गट कार्यालयात धान्याची ओल मोजणारे एक यंत्र ठेवावे. आमचे शेतकी कर्मचारी उसाच्या नोंदीला फिरतात, त्यांनी ते बरोबर न्यावे. मोजायला पाच मिनिटे लागतात.

दुसरे, ताडपत्री आणि पोत्याखालच्या फळ्या सभासदांना खरेदीच्या भावाने द्याव्यात आणि वसुली ऊस बिलातून करावी. खताची वसुली जशी होते तशीच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावच्या दूध संस्थांनी आणि सभासदांनी एकत्र येऊन पशुखाद्याची मागणी करावी आणि खरेदीच्या अटीतच अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीचा दाखला मागावा. एकट्या तात्यांच्या दोन पोत्यांची तपासणी परवडणार नाही, पण शंभर सभासदांच्या एका ट्रकची परवडते. गुजरातेत आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत खाद्य आणि दूध दोन्ही तपासले जाते. माल मर्यादेबाहेर निघाला तर ट्रक परत. व्यापारी एकट्याचे ऐकत नाही, शंभर जणांचे ऐकतो. त्यासाठीच तर आपल्या वाडवडिलांनी सहकार उभा केला. सहकाराचा उपयोग फक्त साखरेच्या पोत्यापुरता ठेवायचा की पेंडीच्या पोत्यालाही करायचा, हे आपण ठरवायचे आहे.

चौथे, जनावर संशयास्पद आजारी पडले तर खाद्याचे पोते संपवून टाकू नका. किलोभर नमुना कागदी पिशवीत बाजूला ठेवा आणि डॉक्टरांच्या हवाली करा. मेलेल्या जनावराचा तपास त्यांच्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतो. मागच्या वर्षी एवढे केले असते, तर तात्यांच्या गाईचे कारण आज आपल्याला माहीत असते. ते केले नाही म्हणून मी आजही "बहुधा" हाच शब्द वापरतो आहे.

तात्यांच्याकडे परवा पुन्हा गेलो होतो. गोठ्यात विटांवर फळ्या मांडल्या आहेत, पोती दोनच आहेत आणि भिंतीपासून लांब आहेत. काकूंनी मला विचारून नव्हे, स्वतःच्या हिमतीने हे करून घेतले. गाय पुन्हा भरली आहे. चहा झाल्यावर काकूंनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर पेंड माझ्या नाकापुढे धरली आणि म्हणाल्या, "बघा साहेब, हुंगून बघा. या वक्ताला तुमी सांगू नका, मी सांगते."

मी हुंगली. पेंडीला पेंडीचाच वास होता.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक सभासदाच्या घरातल्या काकूंनी असा हात पोत्यात घालावा आणि घरच्या कारभाऱ्याने त्यांचे ऐकावे, एवढीच विनंती. आपल्या सूचना आणि अनुभव गट कार्यालयात कळवावेत. चुकले असेल तर तेही कळवावे. मी चुकतो, हे आता सगळ्यांना माहीत झालेच आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी